आंबोलीत लाल पेल्यांच्या मागावर

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आंबोलीला गेलो ते खरं तर बेडकांसाठी. हिरण्यकेशीच्या वाटेवर कुजक्या काटकीवर काहीतरी गुलाबीसर लाल दिसलं. फुलाची पाकळी गळून पडली असेल म्हणून पुढे निघालो होतो, तेवढ्यात मित्र म्हणाला, "अरे, याला देठ आहे!"

बोटाच्या पेराएवढा बुरशीचा पेला, आत पावसाचं पाणी साचलेलं. परदेशी फोटो पाहून डोळे बिघडलेले, त्यामुळे मी लगेच ठोकून दिलं : सार्कोसायफा! दहापट भिंगाखाली मात्र पेल्याच्या बाहेरून पांढरट, ताठ केस दिसले, दोन-तीन मिलिमीटरचे. सार्कोसायफा मुख्यतः थंड प्रदेशातली, आणि तिला असे केस नसतात. ही आपल्याकडची कुकेना ट्रायकोलोमा.

तिच्याच जातकुळीतली कुकेना स्पेसिओसा इथे फसवते. आकार तोच, देठही तसाच, पण केस अगदी आखूड आणि बहुतेक काठाजवळच, वलयांत. भिंगाशिवाय ती गुळगुळीतच वाटते. रंगावर तर अजिबात जाऊ नका. पिवळट, नारिंगी, गुलाबी असं सगळं एकाच जातीत दिसतं, शिवाय जुना पेला फिकट पडतो. पेला जाड, पसरट, जवळजवळ बिनदेठाचा आणि आतून जांभळट लाल असेल, तर ती फिलिप्सिया. आणि टिकलीएवढी लाल चकती, काठाला काळ्या-तपकिरी पापण्या असतील, तर स्कुटेलिनिया. ओल्या कुजक्या लाकडावर ती बऱ्याचदा दिसते.

फोटोत मोबाइल लाल रंगाचं पार वाटोळं करतो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, शेजारी आगपेटीची काडी ठेवा. एक फोटो वरून, एक आडवा, आणि एक बाहेरच्या केसांचा हवाच. माझ्या पहिल्या वीस फोटोंत केसच नव्हते. सगळे वाया. काटकी उचलून बघितलीत तर होती तशीच परत ठेवा. हिरण्यकेशीचा परिसर 2021 पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे, तिथून काहीही उचलून आणायचं नाही.

सावंतवाडीहून आंबोली साधारण तीस किलोमीटर, एसटी मिळते. शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची कोंडी असते, त्यामुळे मधल्या वारी जा. जळवा भरपूर. पँट मोज्यात खोचा. मी खोचली नव्हती, संध्याकाळी मोजे लाल झाले होते.

उतरलो होतो त्या घरच्या काकूंना फोटो दाखवला. पावसाळ्यात वारुळावरची अळंबी आवडीनं रांधणारी बाई. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यां खावचां न्हय हां. नुसतां बघूचां."