सापुताऱ्याची वाट आणि एक आडवी पट्टी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मामांचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. दोन पिशव्या टांगायला गाडीला स्टँड बनवायचे म्हणून सलग तीन रविवार मी तिथेच होतो. गाडी जुनी, १५० सीसी, मागे दोन शॉकअपची.

पहिला रविवार नुसत्या पुठ्ठ्यात गेला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीला लावून बघायचा, कापायचा, पुन्हा लावायचा. मागे बसणाऱ्याचे पाय कुठे येतात, इंडिकेटर झाकला जातो का, सायलेन्सरपासून पिशवी किती लांब राहते. डावीकडचा साडी गार्ड काढला असता तर पिशवी चार बोटं आत बसली असती. पण मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, आणि आई याच गाडीवर मागे बसून बाजारात येते. गार्ड राहिला.

मला अॅल्युमिनियम हवं होतं. मामा म्हणाले, "वाटेत मोडलं तर ते कोण जोडून देणार? एमएस घे, साधं लोखंड. कुठल्याही गावात वेल्डिंग होतं."

१२ एमएमचा गोल बार घेतला. एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.८९ किलो, सहा मीटरचे साधारण ५.३ किलो. प्रत्येक स्टँडला तीन टेकू दिले: ग्रॅब रेलचा, म्हणजे मागच्याने धरायच्या दांडीचा बोल्ट, शॉकअपचा वरचा बोल्ट आणि मागच्या फुटरेस्टच्या ब्रॅकेटचा. शॉकअपचा खालचा बोल्ट हाताशी असतो, पण तो चाकाबरोबर वरखाली होतो. स्टँडचं एक टोक तिथे आणि दुसरं चासीला बांधलं, तर खड्ड्याखड्ड्याला वेल्डवर ताण येणार. चासीला वेल्डिंगचा ठिपकाही लावला नाही, सगळं बोल्टवर.

जानेवारीतल्या एका पहाटे पंचवटीतून दिंडोरी रोडला लागलो. दोन्ही बाजूंना सात-सात किलो. द्राक्षबागांवर धुकं होतं, बोटं गारठली होती. दिंडोरीच्या पुढे वळणावर गाडीचं मागचं अंग क्षणभर उशिरा वळतंय असं जाणवलं.

वणीत चहाला थांबलो आणि स्टँडला हात लावला. उजवा पिशवीसकट आत-बाहेर डोलत होता. फुटरेस्टकडच्या वेल्डच्या कडेला रंगात केसाएवढी रेघ उमटली होती.

तिथल्या वेल्डिंगवाल्यानं खाली वाकून एकदाच पाहिलं. "भाऊ, दोन्ही स्टँड मागून जोडलेच नाहीत ना?"

मामांनीही हेच सांगितलं होतं. नंबर प्लेट झाकेल म्हणून मी ती जोडणारी आडवी पट्टी पुढच्या रविवारवर ढकलली होती. तीन टेकू असूनही प्रत्येक स्टँड एकटाच होता. पिशवी बाजूला झोकली की तोच वेल्ड वाकायचा, सरळ व्हायचा, परत वाकायचा. लोखंड असंच थकतं.

त्यानं स्टँड उतरवला, चीर ग्राइंडरनं उघडली आणि पुन्हा भरली. मग २५ बाय ५ एमएमची पट्टी नंबर प्लेटच्या खालून आडवी नेऊन दोन्हीकडे बोल्टनं आवळली, सहज ढिले न होणारे नायलॉक नट घालून. काम होईपर्यंत मी सप्तशृंगीच्या डोंगराकडे बघत उभा होतो. साडेतीन पीठांतलं हे अर्धं. गाडी पुन्हा उभी राहिल्यावर तिकडे हात जोडले.

घाटात गाडी एकजीव वळली. ओझं तेवढंच होतं, पण मागून ओढ नव्हती. सापुताऱ्याच्या तलावाशी एकेक नट तपासला. नटांवरच्या रंगाच्या खुणा जागच्या जागी होत्या, एकही फिरला नव्हता.

मामांना फोन केला. "मामा, आडवी पट्टी टाकली."

"किती जाडीची?"

"पाच एमएम."

"बरं केलंस. परत निघताना नट पुन्हा बघ."