डिस्क न पुसता सर्व्हर उठवायचा: आमची वाटचाल

संगणक जोडून देणे, नेटवर्कच्या केबल ओढणे, प्रिंटर चालू करून देणे अशा कामांवर आमची फर्म उभी राहिली. सर्व्हरची कामे त्याच ओळखींतून येत गेली. पण लोक आम्हाला नावाने शोधू लागले ते एका ठरावीक तक्रारीमुळे: ‘फर्मवेअर अपग्रेड केलं, रीस्टार्ट केलं, आता सर्व्हर उठतच नाही.’ फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच साठवलेला, ते यंत्र चालवणारा प्रोग्राम.

अशा वेळी ग्राहकाला बहुधा एकच सल्ला मिळालेला असे, ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाका. सगळे काम ठप्प, माणूस घाबरलेला, तो हो म्हणून मोकळा होई. आम्ही हा मार्ग सुरुवातीपासून नाकारला. बायोसचे, म्हणजे मशीन चालू होताच सर्वांत आधी चालणारे, फर्मवेअर मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये असते आणि हिशेब, ऑर्डरी, पगारपत्रके डिस्कवर. बायोस अपग्रेड डिस्कवरच्या या डेटाला हात लावत नाही. मग डिस्क पुसायची कशासाठी? हा प्रश्न आम्ही प्रत्येक ग्राहकाला विचारत आलो आणि आमचा व्यवसाय त्याच आग्रहावर वाढला.

फोनवर आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पडद्यावर नेमकं काय दिसतंय? काहीच दिसत नसेल तर आधी थांबा, असे आम्ही सांगतो. अपग्रेडनंतरच्या पहिल्या सुरुवातीला फर्मवेअर मेमरीची जुळणी नव्याने करते, आणि मेमरी भरपूर असेल तर पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. याच वेळी कोणी घाईने वीज काढली, तर चांगल्या मशीनचे काम वाढते. बहुतेक सर्व्हरमध्ये व्यवस्थापनाचा वेगळा कंट्रोलर असतो. मुख्य प्रोसेसर गप्प असला तरी तो जागा असतो, त्याच्या घटना-नोंदी वाचता येतात. फ्लॅश खरोखर अर्धवट लिहिली गेली असेल, तर अनेक मॉडेलांत त्याच कंट्रोलरमधून फर्मवेअर पुन्हा चढवता येते.

‘बूट डिव्हाइस सापडत नाही’, म्हणजे सिस्टीम जिच्यावरून सुरू करायची ती डिस्क सापडत नाही, हा संदेश दिसला की मला तर हायसे वाटते. याचा अर्थ बहुधा मशीन ठीक आहे, फक्त सेटिंग डीफॉल्टवर, म्हणजे कारखान्यातल्या मूळ स्थितीवर, गेली आहेत. यूईएफआय (नव्या पद्धतीच्या) मोडमध्ये बसवलेली सिस्टीम आता लेगसी (जुन्या बायोसच्या) मोडमध्ये शोधली जात असेल, किंवा मदरबोर्डच्या मेमरीतली बूटची नोंद पुसली गेली असेल. डिस्कवर जीपीटी रचना (डिस्कचे भाग नोंदवण्याची नवी पद्धत) आणि ईएफआय सिस्टीम पार्टिशन (सिस्टीम सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) असेल, तर सिस्टीम बहुधा यूईएफआयचीच. मोड परत बदलायचा, सेटअपमधून बूटलोडरची, म्हणजे सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, फाइल हाताने निवडायची, सिस्टीम उठली की नोंद पुन्हा तयार करायची. लिनक्सवर त्यासाठी ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही आज्ञा आहे.

सगळ्यात जास्त जपावे लागते ते रेडला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, बहुधा एक गेली तरी डेटा टिकावा अशा केलेल्या रचनेला. मदरबोर्डवरचे रेड वापरात असेल आणि डीफॉल्टमुळे कंट्रोलर एएचसीआय (प्रत्येक डिस्क वेगळी धरणाऱ्या) मोडवर गेला असेल, तर मिररमधल्या, म्हणजे एकाच डेटाच्या दोन प्रती ठेवणाऱ्या, दोन्ही डिस्क सुट्या दिसतात. त्यातल्या एकीवरून सर्व्हर चालू करून काम सुरू केले, की दोन्ही प्रतींत फरक पडतो आणि नंतर खरी कोणती हे ठरवणे अवघड होते. वेगळे रेड कार्ड कधी ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (त्याला अनोळखी वाटणारी रेड रचना) सापडल्याचे सांगून इम्पोर्ट (ती स्वीकारू) की क्लिअर (तिची नोंद पुसू) असे विचारते. तिथे ‘क्लिअर’ दाबू नका, एवढे तरी आम्ही फोनवरच बजावतो.

डिस्क एन्क्रिप्ट करण्याची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी ठेवण्याची, पद्धत रुळली तशी नवी अडचण आली. टीपीएम ही सुरक्षेची चिप सुरुवातीच्या फर्मवेअरचे मोजमाप ठेवते. फर्मवेअर बदलले की मोजमाप बदलते, आणि बिटलॉकर (विंडोजमधली डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, मागू शकतो. की नसेल तर आमच्याही हातात काही उरत नाही, आणि हे ग्राहकाला सांगणे फार जड जाते.

म्हणून आम्ही दुरुस्तीकडून आधीच्या तयारीकडे वळलो. अपग्रेडपूर्वी सेटअपच्या प्रत्येक पानाचा फोटो, बूटच्या नोंदींची यादी, रेडची रचना, बिटलॉकर तात्पुरता स्थगित, आणि बॅकअप नुसता घेतलेला नाही तर परत उतरवून पाहिलेला. सोबतच्या सूचना शेवटपर्यंत वाचायच्या, कारण काही आवृत्त्यांच्या आधी मधली एखादी आवृत्ती चढवावी लागते, तर काहींवरून मागे येता येत नाही.

काही ग्राहक विचारतात, एवढी जोखीम असेल तर अपग्रेड करायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतले फर्मवेअर) आला आणि काही मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागल्यावर इंटेलनेच तो बसवणे थांबवायला सांगितले. घाई नको, हे त्यातून पटते. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने कळवले की त्यांच्या काही एसएसडी प्रकारच्या डिस्क ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि डेटाही जाईल. उपाय एकच होता, नवे फर्मवेअर. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी जाणार असतील, तर रेडचा आधार कुठला?

आता आमच्या वार्षिक देखभाल करारात फर्मवेअरचे स्वतंत्र कलम असते. एकसारखे अनेक सर्व्हर असतील तर आधी सर्वांत कमी महत्त्वाचा घ्यायचा, काही दिवस पाहायचे, मग बाकीचे. नव्या इंजिनिअरला आम्ही जुन्या सर्व्हरची सेटिंग मुद्दाम डीफॉल्टवर नेऊन देतो आणि डिस्कवरचे एक अक्षरही न पुसता तो उठवायला सांगतो. ते जमल्याशिवाय त्याला ग्राहकाकडे एकट्याने पाठवत नाही. आणि रिकव्हरी की ग्राहकाने स्वतःकडे, त्या सर्व्हरच्या बाहेर, कागदावर ठेवलेली पाहिल्याशिवाय आमचा माणूस अपग्रेडचे बटण दाबत नाही.