ऑलिव्हरच्या बांधावर वलगण

ऑलिव्हर, ब्रिटिश कोलंबिया
१२ ऑक्टोबर, रात्र

दुपारी ओकानागन नदीच्या बांधावर उभी होते. खाली गुडघाभर पाणी आणि त्यात लालभडक अंगाचे, हिरव्या डोक्याचे सॉकआय सॅमन, एकाला एक खेटून. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "वलगण चढली!"

शेजारच्या आजींनी विचारलं, काय म्हणालीस? मग त्यांना सांगत बसले. महाडकडे आमच्या गावात पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यातून मासे अंडी घालायला उलटे शेतांत चढतात, ती वलगण. बाबा आणि काका बॅटरी नि पाग घेऊन रात्री निघायचे, पहाटे घरभर गाभोळीचा वास असायचा. आजी नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि वर किती जाऊ द्यायचात?" मला उत्तर देता आलं नाही.

आजी वॉशिंग्टन राज्यातल्या कोलव्हिल रिझर्व्हेशनवरच्या, म्हणजे तिथल्या मूळ जमातींच्या राखीव भूमीवरच्या. आमच्या गटातले निम्मे तिकडचे, निम्मे माझ्यासारखे सिअ‍ॅटलहून आलेले. काल ओरोव्हिलवरून सीमा ओलांडली. ओसोयूस तळं अर्धं अमेरिकेत, अर्धं कॅनडात. १८४६ च्या तहाने ४९ व्या अक्षांशावर रेघ ओढली आणि सीइल्ख, म्हणजे ओकानागन जमातींची माणसं दोन देशांत वाटली गेली. आजींची मावशी या बाजूला पुरलेली आहे. २०२१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने रिचर्ड डेसोटेल या वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या सिनिक्स्ट जमातीच्या माणसाचा ब्रिटिश कोलंबियात शिकार करण्याचा पूर्वापार हक्क मान्य केला. त्या निकालाबद्दल बोलताना आजींचा आवाज चढला होता.

हे मासे समुद्रापासून जवळजवळ हजार किलोमीटर वर आलेत, कोलंबिया नदीवरची नऊ धरणं चढून. या नवांना माशांसाठी पायऱ्या आहेत. त्याच नदीवरच्या ग्रँड कूली धरणाला नाहीत. त्या धरणाच्या पाण्याखाली केटल फॉल्स हा धबधबा गेला. तिथे एक सॅमन-प्रमुख असायचा, त्याने सांगितल्याशिवाय कुणी मासा धरायचा नाही, आणि धरलेला सगळ्यांत वाटायचा. जून १९४० मध्ये आसपासच्या जमाती तीन दिवस त्या धबधब्यापाशी जमल्या, त्याला अश्रूंचा सोहळा म्हणतात. आजींची आई तेव्हा दहा वर्षांची, तीही गेली होती. एवढं सांगून आजी थांबल्या. मीही पुढे विचारलं नाही.

सकाळी पेंटिक्टनची हॅचरी, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र, पाहिली. २०१४ पासून ओकानागन जमातींचीच माणसं ती चालवतात, आणि तिच्या नावाचा अर्थच 'परत यायला लावणं' असा आहे. वरच्या स्काहा तळ्यात पिल्लं सोडायला त्यांनी त्याआधी दहा वर्षं, २००४ मध्येच सुरुवात केली होती. पण मला हॅचरीपेक्षा पाण्याचा हिशेब मोठा वाटला. वरच्या धरणातून कधी किती पाणी सोडायचं हे ठरवताना रेतीतली अंडीही मोजणीत धरतात. हिवाळ्यात पाणी फार उतरलं तर घरटी कोरडी पडतात, जास्त सोडलं तर रेतीसकट वाहून जातात. शेतकऱ्यालाही पाणी हवं, तळ्याकाठच्या घरांना पूर नको, आणि त्याच रांगेत अंड्यांचीही बाजू मांडायला माणूस बसतो. आपल्याकडे धरणाच्या बैठकीत माशाच्या वतीने कुणी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

वाळणकोंड मात्र आठवली. काळ नदीच्या त्या डोहात वरदायिनीचे मासे कुणी धरत नाही. लहानपणी मी त्यांना कुरमुरे टाकलेत. एका डोहात ते देवाचे, आणि तीन-चार कोसांवर आमच्या ओढ्यात पोटात अंडी असलेली मासळी आम्ही पिशव्या भरून आणायचो. हे दोन्ही मी कधी शेजारी ठेवून पाहिलंच नव्हतं.

अंधार पडताना एक मादी शेपटीने रेती उकरत होती. तिची शेपटी झिजून पांढरी पडली होती. काही दिवसांत ती मरेल आणि तिचं अंग याच पाण्यात पिल्लांच्या उपयोगी पडेल. आजींनी तिला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मी अर्थ विचारला नाही, हात जोडले.

आत्ता बाबांना फोन केला, तिकडे सकाळ होती. वलगणीचं विचारलं. म्हणाले, "कसली वलगण गं? रस्ता रुंद केला तेव्हा नवी मोरी टाकली ना, पाणी तिच्यातून हातभर खाली पडतं. मासा चढणार कुठून?" मी उठून बसले. वॉशिंग्टन राज्यात याच कारणासाठी जमाती कोर्टात गेल्या होत्या. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूचा निकाल कायम राहिला, आणि आता राज्याला रस्त्यांखालच्या शेकडो मोऱ्या माशांना चढता येतील अशा करून द्याव्या लागताहेत.

"बाबा, त्या मोरीचा फोटो पाठवा. खालून काढा, पाणी किती उंचीवरून पडतं ते दिसलं पाहिजे."

"आत्ता?"

"आत्ताच."

फोन चालूच होता. त्यांनी चपला शोधल्याचा आवाज आला.