नामंजूर प्रस्तावातून उरलेले काम

आमच्या विद्यापीठ ग्रंथालयातील जुन्या टंकलिखित प्रबंधांच्या डिजिटायझेशनसाठी पाठवलेला प्रस्ताव नामंजूर झाला. पत्रातला मजकूर ठरावीक होता: प्रस्ताव दर्जेदार आहे, परंतु निधी मर्यादित असल्याने त्याची निवड होऊ शकली नाही. अशी पत्रे पूर्वीही वाचलेली असली, तरी हिरमोड व्हायचा तो झालाच. ज्या सहकाऱ्याची कंत्राटी नेमणूक या निधीवर अवलंबून होती, त्याच्या कानावर ही बातमी इकडून तिकडून जाऊ नये, म्हणून सर्वांत आधी त्यालाच समोर बसवून सांगितले. हे काम प्रकल्पप्रमुखाने स्वतः करावे, ईमेलवर ढकलू नये, असे माझे ठाम मत आहे.

परीक्षकांचे शेरे मात्र मी मुद्दामच काही दिवस बाजूला ठेवले. ते वाचल्यावर दिसले, की एका परीक्षकाने हा संग्रह दुर्मीळ ठरवला होता, तर दुसऱ्याने तो वाचणार कोण, असे विचारले होते. काठावरच्या प्रस्तावांमध्ये गुणवत्तेचा फरक इतका थोडा असतो, की निवडीत नशिबाचा वाटा राहतोच, आणि हे आता काही निधीसंस्थाही मान्य करू लागल्या आहेत. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका योजनेत पात्र प्रस्तावांमधून सोडत काढून निवड केली. ब्रिटिश अकादमीनेही २०२२ मध्ये लहान अनुदानांसाठी तशीच पद्धत अजमावायला घेतली. या माहितीने पैसे मिळत नाहीत, पण आपल्या कामातच खोट आहे, ही रुखरुख बरीच कमी होते.

एक शेरा मात्र मनाला लागला, कारण तो रास्त होता: प्रकल्प संपल्यावर या फाइली सांभाळणार कोण? ए-फोर आकाराचे एक पान ४०० पीपीआयने (म्हणजे दर इंचाला ४०० बिंदू) रंगीत स्कॅन केले, तर संकुचित न केलेली मूळ टिफ प्रकारची प्रतिमा-फाइल सुमारे ४६ एमबीची होते. म्हणजे तीनशे पानांचा एक प्रबंध साधारण १४ जीबी जागा खातो, आणि जतनासाठी एकच प्रत पुरत नाही. स्कॅनिंगचा खर्च एकदाच होतो, साठवणुकीचा दरवर्षी. गंमत अशी, की योजनेच्या नियमांनुसार मुदतीनंतरचा खर्च अंदाजपत्रकात दाखवताच येत नव्हता. ज्यासाठी पैसे मागता येत नाहीत, त्याचीच हमी आमच्याकडून हवी होती.

मूळ अर्ज पुन्हा वाचताना लक्षात आले, की त्यातली बरीच कामे निधीअभावी नव्हे, तर निधीची वाट पाहण्यात अडकली होती. स्कॅनर, मनुष्यबळ आणि साठवणूक यांना पैसे लागतातच. पण प्रस्तावासाठी संग्रहाची पाहणी झालेली होती आणि कोणता प्रबंध कोणत्या अवस्थेत आहे, याची यादी तयार होती. लाकडाच्या लगद्याच्या आम्लयुक्त कागदाची पाने उलटताना त्यांच्या कडांचा चुरा टेबलावर पडतो. काही प्रबंध कार्बन प्रती असल्याने अक्षरे पुसट झाली आहेत. टंकयंत्रावर नसलेली ग्रीक अक्षरे आणि रासायनिक रचना शाईने हाताने काढलेल्या आहेत आणि डिंकाने चिकटवलेली छायाचित्रे सुटू लागली आहेत. असे प्रबंध ओळखून त्यांची फोटोकॉपी थांबवणे आणि सुटी छायाचित्रे पान क्रमांकासह पाकिटात ठेवणे, यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नव्हती. ही कामे आता सुरू झाली आहेत.

ग्रंथालयाच्या तालिकेतील (कॅटलॉगमधील) नोंदीही त्याच यादीवरून सुधारत आहोत. कित्येक प्रबंधांची नोंद नुसत्या शीर्षकावर भागवलेली होती. त्यात मार्गदर्शकाचे नाव, विभाग, वर्ष आणि विषयशीर्षके भरली, की स्कॅन नसतानाही प्रबंध शोधात सापडतो. लेखकांना परवानगीची पत्रे पाठवण्याचे कामही आम्ही पुढे नेत आहोत, कारण प्रबंधाचे स्वामित्वहक्क अनेकदा लेखकाकडेच असतात आणि उद्या पैसे आले तरी परवानगीवाचून तो सर्वांसाठी खुला करता येणार नाही.

नवा अर्ज करायचाच आहे, पण तो संपूर्ण संग्रहासाठी नसून सर्वांत जीर्ण प्रबंधांपुरताच असेल. त्याआधी साठवणुकीचा खर्च ग्रंथालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात कायमचा घालावा, अशी टिपणी मी विद्यापीठ प्रशासनाकडे पाठवली आहे. ती मंजूर होईपर्यंत कोणत्याही संस्थेकडे अर्ज पाठवायचा नाही, असे ठरवले आहे.