क्रीटच्या शेतवाटांवर मोटारसायकल : माझा अनुभव

ग्रीसच्या क्रीट बेटावर बाइक भाड्याने घेणारे बहुतेक जण उत्तर किनाऱ्याच्या हमरस्त्यावरच रमतात. मी निवडलेली वाट आतली होती. रेथिम्नोहून दक्षिणेला स्पीली, तिथून डोंगर ओलांडून गेराकारी, मग आमारीच्या खोऱ्यातून फुरफुरास, कामारेस, झारोस आणि गेर्गेरी. शेवटी रूवासच्या जंगलातून चढत सुमारे १,४०० मीटरवरचं नीडा पठार. थोडक्यात, २,४५६ मीटर उंचीचा प्सिलोरितिस डोंगर डावीकडे ठेवून घातलेला वळसा. गावागावांना जोडणारा रस्ता डांबरी आहे. कच्च्या वाटा आहेत त्या शेतकऱ्यांनी आपापल्या ऑलिव्हच्या बागांपर्यंत आणि मेंढपाळांनी वाड्यांपर्यंत नेलेल्या.

आधी कागदपत्रं. भारतीय परवान्यावर ग्रीसमध्ये चालवायचं तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. तो आपल्या आरटीओतून मिळतो आणि वर्षभर चालतो. त्यावर मोटारसायकलच्या वर्गासमोर शिक्का आहे ना, हे तिथल्या तिथे बघा. फक्त कारचा असेल तर उपयोग शून्य. भाडेकरारात कच्च्या रस्त्यावरच्या नुकसानीला विमा आहे का, तेही वाचा. बरेचदा नसतो, आणि टायर-ट्यूब तर जवळपास कुठेच धरत नाहीत.

बाइक हलकी घ्यावी. मोठ्या अ‍ॅडव्हेंचर बाइकचं इथे ओझंच होतं. होंडा सीआरएफ ३००एलचं वजन १४२ किलो, म्हणजे पडली तर एकट्याने उभी करता येते. सीटची उंची मात्र ८८० मिलिमीटर आहे. पाय टेकतात का ते दुकानाच्या दारातच बघून घ्यावं. टाकी जेमतेम ७.८ लिटरची. डोंगरात मायलेज घसरतं आणि गावातला पंप दुपारी किंवा रविवारी बंद असू शकतो, म्हणून मी १२० किलोमीटरच्या आत पंप दिसला की टाकी भरतो. अर्धी रिकामी असली तरी.

खरी मेख टायरमध्ये आहे. सह्याद्रीत चिखल-मुरुमात हवा कमी करायची सवय असते, तीच इथे नडते. हा डोंगर चुनखडीचा. वाटेवरचे दगड फुटलेल्या कडांचे, जमिनीत घट्ट रुतलेले. हवेचा दाब १५-१६ पीएसआयवर आणला की दगडाची धार आणि रिमची कड यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. त्यामुळे मी २२ पीएसआयच्या खाली जात नाही. पकड थोडी कमी मिळते, ती पायदानांवर उभं राहून आणि वेग उतरवून भरून काढायची. सामानात पुढची २१ इंची ट्यूब असतेच, कारण अडीनडीला ती मागच्या १८ इंची चाकातही कोंबता येते. उलटं जमत नाही. शिवाय टायर काढायच्या तीन पट्ट्या, पॅच, छोटा पंप आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या नटांना बसणारे पाने. पाना नटावर बसवून निघण्याआधीच बघायचा. भाड्याच्या बाइकवर नट कुणीतरी पाइप लावून आवळलेला असतो.

उतारावर दुसरा गिअर, क्लच सोडलेला, मागचं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बटणाने बंद. चावी फिरवून इंजिन थांबवलं की हे एबीएस पुन्हा चालू होतं आणि वाटेत फाटकं इतकी आहेत की ही गोष्ट विसरायला वेळ लागत नाही. प्रत्येक फाटकानंतर डॅशवरचा दिवा बघायचा.

ही फाटकं म्हणजे बहुधा स्लॅबला वापरतात तसल्या सळयांची जाळी, तारेने नाहीतर दोरीने बांधलेली. ती मेंढ्या-बकऱ्या अडवायला आहेत, माणसांना अडवायला नव्हेत. बंद दिसलं तर उघडून पुन्हा तसंच बांधायचं, उघडं दिसलं तर उघडंच ठेवायचं. कळप समोर आला तर इंजिन बंद करून कडेला थांबावं. हॉर्नने बकऱ्या बांधावरून उड्या टाकतात आणि मेंढपाळाची सकाळ वाया जाते. कडेला पिंपात राहणारे साखळीचे कुत्रे असतात. साखळी किती लांब आहे हे आधी पाहून पलीकडची कड धरावी.

बागेतून जाताना दोन गोष्टी जपायच्या. पाण्याचे काळे पाइप वाटेवर आडवे पडलेले असतात. ते काटकोनात, थ्रॉटल न देता ओलांडायचे, कारण त्यावर मागचं चाक फिरलं तर पाइप फाटतो. दुसरी गोष्ट जाळ्यांची. साधारण नोव्हेंबरपासून ऑलिव्ह उतरवताना झाडांखाली जाळ्या पसरतात आणि त्या वाटेवरही येतात. त्यावर चाक घालायचं नाही. उतरून ‘कलिमेरा’ (सुप्रभात) म्हणायचं, माणसं स्वतः जाळी गुंडाळून वाट देतात. तरीही स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) जाळी गेलीच तर इंजिन लगेच बंद करून बाइक हाताने मागे ढकलत ती उलगडायची. सुरी शेवटचा उपाय, आणि कापलीत तर पैसे मालकाला द्या.

नकाशा ऑफलाइन हवा, पण त्यावरही डोळे मिटून भरवसा नको. निम्म्या वाटा पाण्याच्या टाकीशी किंवा गोठ्याशी संपतात. वाटेच्या मधल्या पट्ट्यात गवत वाढलेलं दिसलं की मी सरळ मागे वळतो.

हंगाम एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात, किंवा ऑक्टोबर. एप्रिलच्या आरंभी नीडाकडे बर्फ सापडू शकतो. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्याचा १ ते ५ पातळ्यांचा नकाशा रोज निघतो. ४ किंवा ५ असेल त्या दिवशी रूवासचा नाद सोडा, जंगलात प्रवेशबंदी असू शकते. तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतावर टेकवून बाइक उभी करणं तर कधीच नाही. अग्निशमनाचा क्रमांक १९९, बाकी सगळ्याला ११२.

नीडाहून आनोगिया गावापर्यंत डांबर आहे. गावातल्या कॉफीच्या दुकानात राकीचा (इथल्या कडक दारूचा) पेला न मागता पुढ्यात येतो. मोटारसायकलस्वाराला रक्तात मद्याची मर्यादा लिटरला फक्त ०.२ ग्रॅम आहे, तेव्हा तिथेच मुक्काम असेल तरच तो उचला. नसेल तर तेवढ्या वेळात चाकांच्या आऱ्या पान्याने एकेक ठोकून बघा. बद्द वाजेल ती ढिली.