पाळीवरचा रस्ता

कारध्याला वैनगंगेचा पूल ओलांडला आणि बाबांनी खिडकीची काच खाली केली. ऑक्टोबर होता, धान लोंबीवर आलेलं. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, तेव्हा त्याच्याही वाट्याला पुष्कळ पाणी गेलं.

लाखनी, साकोली मागे पडलं. कोहमाऱ्याला उजवीकडे वळलो आणि सरळ नवेगावबांध गाठला. सात टेकड्यांच्या मधलं ते अफाट पाणी पाहून नैसर्गिकच वाटतं. पण तो बांध घातलाय माणसांनी, अठराव्या शतकात. कोलू पाटील कोहळींनी तो बांधला असं सांगतात. लोकांनी पुढे त्यांना देव केलं, कोलासूर म्हणून. तलाव बांधणाऱ्याला देव मानणारा मुलूख मला फार आवडतो.

परतताना मात्र मुद्दाम आडरस्ता धरला, कारण मला लहान तलाव बघायचे होते. इथे त्यांना मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचे, मालगुजारांचे. मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, नाव तेवढं राहिलं. एका गावाबाहेर रस्ता चक्क पाळीवरूनच, तलावाच्या मातीच्या बांधावरूनच जात होता. एका बाजूला कमळं, दुसऱ्या बाजूला बरंच खाली धानाच्या बांध्या. काठाला बेशरमची झुडपं माजलेली. ती बघून जीव तुटला, कारण गाळ आणि बेशरम मिळून किती तलाव उथळ करून टाकतात.

पाळीवर एक आजोबा तुडुमाजवळ बसले होते. तुडूम म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडायची जागा. दगडी बांधकामात एकाखाली एक भोकं, प्रत्येकात लाकडी खुंटी. पाणी उतरेल तशी खालची खुंटी काढायची.

"अजून एक पाणी लागते धानाला," ते म्हणाले.

"काढू का मी?" बाबांनी विचारलं. बाबांचं वय बाहत्तर.

आजोबांनी थोडं सरकून जागा दिली. खुंटी पाण्यानं फुगून घट्ट बसली होती. दोघांनी मिळून हलवली, तेव्हा कुठे सुटली. पाळीच्या पोटातून घरघर आली आणि पलीकडच्या पाटात गढूळ पाणी उतरलं. बाबा चपला हातात घेऊन त्याच्या बरोबरीनं चालत निघाले, पहिल्या बांधीपर्यंत. मी गाडी बंद करून पाळीवर बसले.