उत्तरेचा थंड सूर आणि भरलेली सभागृहे

सोमवार, रात्री

नॉर्वे-स्वीडनच्या जॅझविषयी कुठेही चार ओळी वाचायला घेतल्या की त्यांत बर्फ, फ्योर्ड, हिवाळ्यातल्या न सरणाऱ्या रात्री आणि शांतता ही मंडळी ठरल्याप्रमाणे हजर असतात. यान गार्बारेकचा सॅक्सोफोन म्हणजे कड्यावरून आलेली हाक आणि ड्रमवादक यॉन क्रिस्टेन्सनच्या झांजा म्हणजे भुरभुरणारे हिमकण, असे सांगितले की लिहिणाऱ्याचे काम संपते. हे वर्णन मला दिवसेंदिवस अपुरे वाटू लागले आहे, आणि त्याला कारण याच वादकांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे आहेत. स्टुडिओत थंड वाटणारी ही माणसे लोकांसमोर उभी राहिली की तशी राहत नाहीत.

आज कीथ जॅरेटच्या युरोपियन क्वार्टेटची दोन ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकली. जॅरेट स्वतः अमेरिकेचा पियानोवादक. बाकीचे तिघे मात्र उत्तरेचे. गार्बारेक आणि क्रिस्टेन्सन नॉर्वेचे, तर डबल बास वाजवणारा पाले दानियेल्सन स्वीडनचा. 1979 च्या एप्रिलमध्ये हे चौघे टोकियोत वाजवत होते आणि मे महिन्यात न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये. टोकियोच्या नाकानो सन प्लाझामधली 16 एप्रिलची मैफल 'स्लीपर' या नावाने 2012 साली, म्हणजे तब्बल 33 वर्षांनी बाहेर आली. व्हॅनगार्डमधले वादन मात्र 'न्यूड अँट्स' या नावाने 1980 सालीच आले होते. नाकानोचे सभागृह दोन हजारांहून अधिक आसनांचे होते आणि 2023 मध्ये ते बंद झाले. व्हॅनगार्ड म्हणजे 1935 पासून चालत आलेले एक तळघर, ज्यात सव्वाशे माणसे बसली की जागा संपते. वादक तेच, रचना बऱ्याचशा त्याच, मध्ये जेमतेम महिनाभराचे अंतर; इतकी चोख तुलना मुद्दाम करू म्हटले तरी साधता येणार नाही.

टोकियोत चारही वाद्ये आपापल्या जागी स्वच्छ ऐकू येतात. दानियेल्सनचा बास भरीव आहे, पण तो कुणाच्या अंगावर येत नाही. गार्बारेकचा दीर्घ स्वर सुटला की तो विरेपर्यंतचा सगळा प्रवास कानांना अनुसरता येतो. व्हॅनगार्डमध्ये असा ऐसपैसपणा मुळीच नाही. तिथे पियानोचा आवाज काहीसा कोरडा, किंचित बसलेला वाटतो, ड्रम अगदी कानाशी येतात, जॅरेटचे ते प्रसिद्ध गुणगुणणे आणि कण्हणे स्पष्ट ऐकू येते आणि सॅक्सोफोनला विरायला जागाच मिळत नाही. परिणाम असा होतो की गार्बारेक लांब स्वर धरण्याऐवजी आखूड, टोकदार, जवळजवळ भांडखोर वाक्ये वाजवू लागतो. निदान मला तरी तसे ऐकू येते. ज्याला उत्तरेच्या एकांताचा आवाज म्हणतात, तो माणूस इथे घामाघूम झालेला आहे.

'ओएसिस' ही रचना या दौऱ्याच्या तीन ध्वनिमुद्रणांत सापडते. टोकियोच्याच वादनातून 1989 मध्ये निघालेल्या 'पर्सनल माउंटन्स'वर ती सुमारे 18 मिनिटांची आहे, 'स्लीपर'वर 28 मिनिटांची आणि व्हॅनगार्डमध्ये तर अर्ध्या तासाची. लांबीपेक्षा मला त्यातला ताल अधिक वेधक वाटतो. क्रिस्टेन्सन ठेका कधी सरळ मांडत नाही. तो झांजेवर ठेक्याच्या आजूबाजूने फिरत राहतो आणि सम आपली आपण धरून ठेवण्याची जबाबदारी श्रोत्यावर टाकतो. जॅरेट मधूनच पियानो सोडून स्वतः तालवाद्यांकडे वळतो. मोठ्या सभागृहात हा भाग एखाद्या विधीसारखा दूरस्थ वाटतो, तर तळघरात तो दाटीवाटीचा आणि जमिनीलगतचा होतो.

मंगळवार

मग थंडपणाची ही ख्याती आली कुठून, याचा विचार दिवसभर कामे करतानाही डोक्यात घोळत होता. त्याचा बराचसा भाग ओस्लोच्या स्टुडिओंतून आला, असे माझे मत आहे. मानफ्रेड आयशर यांनी म्युनिकमध्ये 1969 साली ईसीएम ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी गार्बारेकला ओस्लोच्या आर्ने बेंडिक्सन स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. तिथला तरुण ध्वनितंत्रज्ञ यान एरिक काँग्सहाऊग पुढे जवळजवळ अर्धशतक या कंपनीचा कान होऊन राहिला. वाद्यांमधले अंतर, झांजांचा चमकता स्पष्टपणा आणि स्वर सुटल्यानंतर मागे राहणारी लांब गुंज ही या दोघांची जाणीवपूर्वक केलेली निवड होती. तिच्या सौंदर्याविषयी माझी काहीच तक्रार नाही; मात्र ध्वनिमिश्रणाच्या टेबलावर केलेली निवड लोकांनी अक्षांशांच्या नावावर जमा केली, एवढे म्हणावेसे वाटते.

गार्बारेकचे स्वतःचे चरित्रही या चित्रात बसत नाही. त्याचे वडील युद्धकैदी म्हणून नॉर्वेत आलेले पोलिश गृहस्थ होते. त्याने सॅक्सोफोन हाती धरला तो किशोरवयात रेडिओवर जॉन कोल्ट्रेन ऐकून, आणि नॉर्वेच्या लोकसंगीताकडे लक्ष दे असे त्याला आग्रहाने सांगणाऱ्यांत स्वीडनमध्ये राहू लागलेला अमेरिकी ट्रम्पेटवादक डॉन चेरी होता. त्याच सुमारास तो, क्रिस्टेन्सन आणि गिटारवादक तेर्ये रिप्डाल हे तिघेही जॉर्ज रसेल या अमेरिकी संगीतकाराच्या हाताखाली वाजवत होते. रसेलची 'इलेक्ट्रॉनिक सोनाटा' 1969 च्या एप्रिलमध्ये ओस्लोजवळच्या हेनी-ऑन्स्टाड कलाकेंद्रात लोकांसमोर वाजवली गेली, तिचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. टेपवरचे आवाज, कर्कश गिटार आणि रेटून वाजवलेले ड्रम यांच्या त्या कल्लोळात बर्फ शोधून दाखवावा.

गुरुवार, उशिरा

स्वीडनचे एस्ब्यर्न स्वेन्सन त्रिकूट. 'ई.एस.टी.' ही तीन अक्षरे पुरेशी व्हावीत, इतके ते युरोपात लोकप्रिय होते; 2006 च्या मे महिन्यात 'डाउनबीट' या अमेरिकी मासिकाने त्यांना मुखपृष्ठावर घेतले आणि तो मान मिळालेले ते पहिले युरोपीय जॅझपथक ठरले. त्याच वर्षी 22 नोव्हेंबरला हॅम्बुर्गच्या लाइसहालेमध्ये झालेली त्यांची मैफल 'लाइव्ह इन हॅम्बुर्ग' या दुहेरी ध्वनिमुद्रिकेत आहे. 1908 मध्ये उघडलेले, नव-बरोक शैलीतले, सिम्फनी वाद्यवृंदांसाठी बांधलेले हे सभागृह आहे. तिथल्या रंगमंचावर डान बेरग्लुंड आपल्या डबल बासवर गज चालवतो, त्या आवाजाला विद्युत उपकरणांतून मुद्दाम फाटका करतो आणि आतून हेवी मेटलच्या गिटारसारखी गर्जना बाहेर काढतो. बेरग्लुंडला या संगीताची ओढ पहिल्यापासूनच होती आणि त्याने ती कधी लपवली नाही.

या ध्वनिमुद्रणात मला सर्वांत जास्त काय आवडते, तर पूर्ण संथपणापासून पूर्ण कल्लोळापर्यंत जाण्यासाठी हे तिघे घेत असलेला वेळ. स्वेन्सन एकटाच पियानोवर काही स्वर चाचपत राहतो, जणू रचना कोणती वाजवायची हे अजून ठरायचे आहे. मॅग्नुस ओस्ट्रमचे ब्रश कधी सुरू झाले ते नेमके सांगता येत नाही. पुढच्या काही मिनिटांत त्याच ब्रशांमधून क्लबमध्ये वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा धावता ठेका उभा राहिलेला असतो. स्वेन्सन आणि ओस्ट्रम लहानपणापासूनचे मित्र होते आणि हे त्रिकूट 1993 पासून एकत्र होते, हे माहीत नसते तरी ऐकून ओळखता आले असते. खुणा आणि इशारे यांची गरज संपलेली माणसे अशीच वाजवतात. आपल्याकडे वर्षानुवर्षे एकाच गायकाला साथ करणारा तबलजी ज्या खात्रीने पुढची तिहाई आधीच ओळखतो, तीच खात्री इथे तिघांमध्ये वाटली गेलेली आहे.

श्रोत्यांबद्दलही लिहायला हवे. मी वाढले त्या मैफलींत दाद मध्येच येते. जागा सुरेख लागली की 'वा' तिथल्या तिथे उमटते आणि त्या 'वा'मुळे गाणे पुढे वळते. हॅम्बुर्गचे श्रोते बराच वेळ चूप बसून राहतात आणि शेवटी एकदम सगळे बाहेर काढतात. सुरुवातीला मला हे परके वाटत असे. आता वाटते की त्यांची चुप्पीही वादक ऐकत असतात, कारण स्वेन्सनला इतक्या हळू आवाजात इतका वेळ राहण्याची मुभा नेमकी तिनेच दिलेली आहे. खोकणाऱ्या, कुजबुजणाऱ्या सभागृहात त्याने ते धाडस केले नसते.

14 जून 2008 रोजी स्टॉकहोमजवळ पाण्याखाली पोहताना झालेल्या अपघातात स्वेन्सनचा मृत्यू झाला. तो 44 वर्षांचा होता. त्यानंतर जुन्या टेपांतून 2005 ची लंडनच्या बार्बिकनमधली मैफल 2018 मध्ये आणि 2001 ची गोथेनबर्गच्या कॉन्सर्ट हॉलमधली मैफल 2019 मध्ये प्रकाशित झाली. मृत कलाकाराची कपाटे झाडून काढण्याच्या उद्योगाविषयी मला एरवी फारसे प्रेम नाही, पण या दोन्हींबाबत तक्रारीला जागा नाही. विशेषतः गोथेनबर्ग: लाकडाने मढवलेले, ध्वनिगुणांसाठी नावाजलेले हे सभागृहही (योगायोगाने) 1935 चेच, म्हणजे व्हॅनगार्डच्या वयाचे. तिथे त्रिकूट अजून तरुण आहे, विद्युत करामती कमी आहेत आणि पियानोचा लाकडी, उबदार आवाज सगळीकडे पसरलेला आहे. माझी निवड विचाराल तर हॅम्बुर्गपेक्षा गोथेनबर्ग थोडे वर.

शुक्रवार

आज ऐकले ते खरे तर मैफलीचे ध्वनिमुद्रण नव्हे, कारण तिथे श्रोते नव्हते. तरी या आठवड्यातल्या विचारांशी त्याचा सरळ संबंध आहे. तोमाश स्तान्को हा पोलंडचा ट्रम्पेटवादक आणि एडवर्ड वेसाला हा फिनलंडचा ड्रमवादक 1970 च्या दशकात बराच काळ बरोबर वाजवत होते. वेसालाने स्वतःची लिओ नावाची कंपनी काढली होती आणि तिच्यातर्फे 1980 मध्ये स्तान्कोची एकल ट्रम्पेटची ध्वनिमुद्रिका आली: ताजमहाल आणि कार्ले लेणी इथे वाजवलेल्या संगीताची. कार्ले म्हणजे आपले लोणावळ्याजवळचे कार्ले, एकवीरेच्या पायऱ्या चढून जावे लागते ते.

कार्ल्याचे चैत्यगृह हे भारतातले सर्वांत मोठे शैलचैत्य. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर गजपृष्ठाकार छत आणि त्याला लावलेल्या, सुमारे दोन हजार वर्षे टिकून राहिलेल्या लाकडी कमानी. स्तान्कोचा आवाज मुळातच खरबरीत आणि श्वासमिश्रित. तो एक तुकडा वाजवतो, थांबतो, दगड तो परत करतो आणि मग पुढचा तुकडा येतो. घाई केली तर आधीचे आणि नंतरचे स्वर एकमेकांत मिसळून चिखल होणार, म्हणून वादनाची गती वादकापेक्षा जागेनेच ठरवलेली आहे. ओस्लोत काँग्सहाऊग जी गुंज टेबलावर बसून बेताने घालत असे, ती इथे डोंगराने घातली आहे आणि तिला कमी-जास्त करण्याची सोय नाही. हीच ध्वनिमुद्रिका नाव झाकून कुणाला ऐकवली, तर तो नक्की हिला 'उत्तरेचा गूढ, थंड अवकाश' म्हणेल, अशी माझी पैज आहे. तो अवकाश मावळ तालुक्यातला आहे.

रविवार, दुपार

शेवटी पुन्हा गार्बारेक. स्वतःच्या समूहाचे मैफलीचे ध्वनिमुद्रण त्याने इतकी वर्षे प्रकाशित होऊ दिले नव्हते. ते पहिल्यांदा आले 2009 मध्ये, 'ड्रेस्डेन' या नावाने. मैफल ऑक्टोबर 2007 ची, जागा 'आल्टर श्लाख्तहोफ', म्हणजे जुना कत्तलखाना असलेले सभागृह. राइनर ब्रुनिंगहाऊस पियानोवर, मानू काचे ड्रमवर आणि बासवर यूरी दानियल, कारण या समूहाचा जुना बासवादक एबरहार्ड वेबर याला त्याच वर्षी एप्रिलमध्ये पक्षाघाताचा झटका आला होता.

मैफल सुरू होते 'पेपर नट'ने. ही रचना व्हायोलिनवादक एल. शंकर यांची. ती 1984 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'साँग फॉर एव्हरीवन'वर आहे. त्या ध्वनिमुद्रिकेत शंकर आणि गार्बारेक यांच्याबरोबर झाकीर हुसेन आणि त्रिलोक गुर्टू होते. शोभाताई गुर्टूंचा मुलगा आणि नॉर्वेचा हा सॅक्सोफोनवादक एकत्र वाजवतात, याचे मला पूर्वी अप्रूप वाटे. आता ते स्वाभाविक वाटते. त्याच संध्याकाळी पुढे नॉर्वेचे संगीतकार हाराल्ड सेवेरुड यांची रचना आहे आणि ब्राझीलच्या मिल्टन नासिमेंतोचीही. मानू काचेचे ड्रम क्रिस्टेन्सनच्या अगदी उलट: ठेका नेमका, ठसठशीत, नाचरा. काही जुन्या चाहत्यांना ते रुचले नाही. मला मात्र त्या ठोस जमिनीमुळे गार्बारेकचा उंच स्वर अधिक धीट झालेला जाणवतो.

वेबरला पुन्हा वाद्य हाती धरता आले नाही. त्याने गार्बारेक समूहाच्या 1990 ते 2007 मधल्या मैफलींच्या टेपा काढल्या, त्यांतली आपली एकल वादने निवडली, त्यांवर कीबोर्डचे थर चढवले, काही ठिकाणी गार्बारेककडून नव्याने सॅक्सोफोन वाजवून घेतला आणि त्यातून 2012 साली 'रेझ्युमे' हा अल्बम तयार केला. प्रत्येक तुकड्याला, तो जिथे वाजवला गेला त्या गावाचे नाव आहे: ट्युबिंगेन, बोखुम, बाथ, ग्रनोबल आणि अशीच आणखी. कल्पना विलक्षण आहे आणि बासचा तो गाणारा, तारसप्तकात झेपावणारा आवाज पुन्हा ऐकायला मिळाल्याचा आनंद आहेच. तरीही ऐकताना मला चुकल्यासारखे होते. ट्युबिंगेनचा ट्युबिंगेनपणा आणि बाथचा बाथपणा कीबोर्डच्या मऊ अस्तराखाली झाकला गेला आहे. गावे नावापुरती उरली आहेत आणि सगळीकडे तीच एक सफाईदार गुंज आहे. नाइलाजाने केलेल्या कामाला हा दोष लावणे कदाचित कठोर होईल. पण त्या मूळ टेपा, टाळ्यांसकट आणि सहवादकांसकट, कुणी तशाच प्रकाशित केल्या तर मी त्या आधी ऐकेन.